अर्धा वाटा

ज्या दोन बायकांनी एकमेकींशी बोलणं टाकलंय, त्यांना भाजीचा एकच क्रेट देऊ नये. एवढी साधी गोष्ट कोणालाही कळावी. टोपीवालीला ती कळली नाही, पण तिचा तरी काय दोष म्हणा. आम्ही तिला सांगितलंच नव्हतं.

टोपीवाली म्हणजे शेतवाली. डोक्यावर बाराही महिने गवताची रुंद टोपी, म्हणून टोपीवाली. शहराबाहेर तिची आणि तिच्या नवऱ्याची शेती आहे, आणि ते दोघं भाजी विकत नाहीत, वाटे देतात. हंगामाच्या आधी पैसे भरायचे आणि मग दर आठवड्याला शेतात जे पिकेल त्यातला आपला वाटा घरी न्यायचा. उदंड आलं तर उदंड, किडीनं खाल्लं तर आपणही तेवढं कमी खायचं. हे द्या, ते नको, असली थेरं चालत नाहीत. शिवाय हंगामात एक दिवस शेतावर जाऊन हात मातीत घालायचे, हीसुद्धा अट. आमच्या कारखान्यातल्या इस्त्रीवालीनं हे सगळं मला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, पैसे भरून वर मजुरी करायची, हे कुठलं शहाणपण. पण बाजारच्या भाजीला चव राहिली नाही म्हणून रोज घरात तोंड वाकडं करणारी मीच. आमचे हे म्हणाले, एकतर कुरकुर बंद कर नाहीतर तिथे नाव घाल. मी नाव घातलं.

आम्ही घरात दोघंच, म्हणून अर्धा वाटा मागितला. अर्ध्या वाट्याची गंमत अशी की क्रेट पूर्णच येतो, पण दोन घरांत मिळून एक. ती दोन घरं आपसांत वाटून घेतात. जोडीदार कोण हवा असं टोपीवालीनं विचारलं होतं. मी म्हटलं, कोणीही चालेल. आमच्याच घराच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या माझ्या धाकट्या जावेनंही, मला पत्ता न लागू देता, अर्धाच वाटा मागितला होता आणि तिनंही हेच उत्तर दिलं होतं. कोणीही चालेल.

वाटे सायकल दुरुस्तीच्या दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मिळतात. पहिल्या दिवशी मी पिशवी घेऊन तिथे गेले तर रांगेत माझ्यापुढे धाकटी उभी. ती बस चालवते, अंगावर ड्रायव्हरचा युनिफॉर्म तसाच होता. टोपीवालीनं आम्हा दोघींना जवळ बोलावलं आणि मोठ्या कौतुकानं म्हणाली, “पत्ता एकच, आडनाव एकच. म्हणून तुमची जोडी मुद्दाम लावली. सोयीचं पडेल.” आता चार लोकांत काय सांगणार, की बाई, आम्ही गेले कित्येक महिने जिन्यात समोरासमोर आलो तर भिंतीकडे बघतो? मी म्हटलं, बरं झालं. धाकटी म्हणाली, फारच बरं झालं. घरातलं चव्हाट्यावर आणायचं नाही, या एका बाबतीत आम्हा दोघींचं नेहमीच एकमत असतं.

मग टोपीवालीनं नियम सांगितला. अर्ध्या वाटेकऱ्यांची भांडणं होऊ नयेत म्हणून त्यांच्याकडे पद्धत आहे: एकीनं दोन ढीग लावायचे, दुसरीनं त्यातला हवा तो उचलायचा. पुढच्या आठवड्यात उलट. ढीग लावणारी बेईमानी करू शकत नाही, कारण उचलणारी चांगला ढीग उचलणार. ती म्हणाली, यात आजवर कोणी कोणाला फसवू शकलेलं नाही. मला ते ऐकून बरं वाटलं. फसवायचं माझ्या मनात नव्हतंच, पण धाकटीच्या मनात काय आहे ते मला कुठे ठाऊक होतं.

क्रेट जड होता आणि त्याला दोन बाजूंना दोन कड्या होत्या. एकटीला उचलवेना. शेवटी एक कडी तिनं धरली, एक मी, आणि आम्ही दोघी तो क्रेट मधे धरून घरापर्यंत चालत आलो, तोंडातून चकार शब्द न काढता. कोपऱ्यावरचा न्हावी दुकानाच्या दारात येऊन बघत राहिला.

आता बोलणं का टाकलं ते सांगायलाच हवं, नाहीतर सगळ्याला काही अर्थ नाही.

धाकटीला एक मुलगी आहे. शाळेत जाते, एका जागी बसत नाही, म्हणून आम्ही तिला भिंगरी म्हणतो. मला मूल नाही. धाकटीची पहिली पाळी भल्या पहाटेची, दीर औषधांच्या गोदामात कामाला, तेव्हा भिंगरी पाळण्यात असल्यापासून खाली माझ्याकडेच वाढली. मी शाळांचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कापड कापते. काम लवकर सुरू होतं आणि दुपारी सुटतं. सकाळी तिचा डबा मी भरायची, वेण्या मी घालायची, शाळेतून आली की पायातले बूट माझ्या दारात निघायचे. मला ती मोठी आई म्हणते. एका आजारपणात तिला सडकून ताप भरला होता. धाकटी रजा घेऊन उशाशी बसली होती, पाणी पाजायला बघत होती, आणि पोरगी तिचा हात लोटून माझ्या नावानं रडत होती. मी वर गेले, पेला तोंडाला लावला, तर घटाघट प्यायली. धाकटी उठून खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. ताप उतरल्यावर तिनं मला एवढंच सांगितलं, की ताई, उद्यापासून ती खाली येणार नाही. मला माझ्याच घरात परकं व्हायचं नाही.

मी काही कमी नाही. मीही म्हटलं, नको येऊ दे. आणि दार लावलं.

तेव्हापासून भिंगरी शाळा सुटल्यावर संध्याकाळपर्यंत शाळेतच थांबते. डबा दीर भरतात, म्हणजे त्यात बिस्किटं असतात. तिचा जुना डबा, दोन कप्प्यांचा, खालचा खोल आणि वरचा उथळ, मी धुऊन जिन्याच्या पायरीवर ठेवला होता, तो धाकटीनं वर नेला. भाऊ-भाऊ मात्र एकमेकांशी नीट बोलतात, म्हणजे हवेबद्दल आणि गळणाऱ्या नळाबद्दल. पोरगी माझ्या डोक्यावर चालते, पळते, पाय आपटते, आणि मी खाली बसून तिची पावलं ऐकते. मला दुसरं काही नको होतं. मला ती हवी होती.

तर अशा घरात तो क्रेट आला.

जिना आमच्या दोघींच्या सामाईक बोळातून वर जातो. जिन्याखाली माझ्या जुन्या शिलाई मशीनचं टेबल आहे. मशीन मोडीत गेलं, टेबल राहिलं. त्यावर ढीग लावायचे असं न बोलताच ठरलं. जिची पाळी असेल तिनं ढीग लावून कठड्यावर टकटक करायचं आणि आपल्या दाराआड जायचं. दुसरीनं येऊन आपला ढीग उचलायचा. मग पहिलीनं उरलेला न्यायचा.

पहिली पाळी माझी. मी आयुष्यभर कापड कापलंय. कापडाचे थरावर थर अंथरून असे कापते, की चिंधीसुद्धा फुकट जात नाही. भाजीचं काय घेऊन बसलात. कोबी देठातून असा उभा चिरला, की दोन्ही अर्ध्या भागांना पानं धरून ठेवायला देठ राहिला. बीट मोठ्याला मोठं, लहानाला लहान. घेवड्याच्या शेंगा जुळवल्या. टोमॅटो पिकले किती, कच्चे किती, तेही पाहिलं. धाकटीला बोट ठेवायला जागा ठेवली नाही. टकटक केलं. ती आली, तिनं ढिगांकडे बघितलंसुद्धा नाही, हाताला लागला तो उचलून गेली. माझी सगळी मेहनत पाण्यात.

पुढच्या आठवड्यात तिची पाळी. तिनं मूठभर इकडे, मूठभर तिकडे, अशी वाटणी केली होती. पण एक गोष्ट होती: मी आपला मुकाट्यानं बरा ढीग उचलला आणि आत नेऊन बघते तर त्यात पालेभाजीची जुडी अख्खी. धाकटीच्या घरात पालेभाजी कोणी खात नाही, आमच्याकडे रोज लागते, हे तिला ठाऊक होतं. आता हे तिनं मुद्दाम केलं की जुडी सोडायचा कंटाळा केला, यावर मी दोन दिवस विचार केला. आमचे हे म्हणाले, भाजी शिजव, डोकं शिजवू नकोस.

असे आठवडे गेले. बोलणं नव्हतं, पण ढिगांवरून मला वरच्या घराची खबर लागायला लागली. दिराचं पोट बिघडलं होतं त्या आठवड्यात तिनं दुधी भोपळा अख्खा जिन्याकडच्या ढिगात ठेवून त्याच्या बदल्यात माझ्या दाराकडच्या ढिगात जास्तीचे टोमॅटो रचले होते, आणि मीही दुधीला हात लावला नाही. तिला जादा पाळ्या लागल्या की ढीग वेडेवाकडे असायचे. कधीकधी वरच्या कठड्याच्या गजांतून दोन डोळे खाली बघत असायचे. मी वर पाहिलं की ते पळायचे.

मग मटार आला.

भिंगरीला कच्चा मटार फार आवडतो. दाणे दातांनी शेंगेतून ओढून काढते आणि शेंगांचा पसारा सगळ्या घरभर टाकते. त्या आठवड्यात क्रेटमध्ये मटार रगड आला होता, हिरवागार, बोटांनी दाबला की कुरकुर वाजणारा. पाळी माझी होती. मी पहिल्यांदाच माझी शिस्त मोडली. सगळा मटार एका ढिगात घातला. वर चांगली गाजरंही त्यातच. दुसऱ्या ढिगात नवलकोल, मुळे आणि एक किडका कोबी. आंधळ्यालाही कळावं असा तो ढीग होता. मला वाटलं, ती मटार उचलेल, पोरगी खाईल, आणि पोरीला कळेल की मोठ्या आईनं पाठवलाय. एवढंच माझ्या मनात होतं.

धाकटी आली. बराच वेळ आवाज आला नाही. मग पावलं वर गेली. मी जाऊन बघते तर मटार तसाच, आणि नवलकोल, मुळे, किडका कोबी गायब.

माझं डोकंच फिरलं. माझ्या हातचा मूठभर मटारही पोरीच्या पोटात जायला नको, इतकं. मी तो ढीग उचललाच नाही. राहू दे म्हटलं तिथेच. गाजरं तेवढी आणली, मटार टेबलावर ठेवला. तिला वाटलं असणार, हा वाटा ताईंचा, आपण हात कशाला लावा. मला वाटलं, दिलेलं मी परत का घेऊ. तिच्या मानेला बाक नाही आणि माझ्याही. मटार दोन दारांच्या मधे पडून राहिला, हळूहळू पिवळा पडला, सुरकुतला, वास मारायला लागला, आणि त्याच्या बाजूनं चार माणसं रोज ये-जा करत राहिली. शेवटी आमच्या ह्यांनी तो उचलून बाहेर टाकला. घरात येऊन हात धुताना म्हणाले, तुम्हा दोघींचं काय असेल ते असो, त्या मटारानं कोणाचं घोडं मारलं होतं?

त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

पुढच्या आठवड्यात धाकटीनं असे काही ढीग लावले, की मीसुद्धा लावले नसते. मटाराच्या शेंगासुद्धा दोन्हीकडे सारख्या. तिच्यासारख्या मूठभर इकडे, मूठभर तिकडे करणारीनं हे केलं म्हणजे ते मला उद्देशून होतं. मी माझा ढीग आणून शेंगा सोलायला बसले आणि सोलता सोलता रडले. माझ्यासारखी बाई मटार सोलताना रडते, हे कोणी बघितलं नाही तेवढं बरं.

हंगाम अर्धा सरला तेव्हा टोपीवालीनं आठवण करून दिली, शेतावरचा दिवस राहिलाय. जोडीनं यायचं, कारण वाटा जोडीचा. मी टाळायचा प्रयत्न केला, पाठीचं कारण सांगितलं. ती म्हणाली, पाठीला चालेल असं काम देते. मग काय, सुट्टीच्या दिवशी सकाळी आम्ही दोघी एकाच बसथांब्यावर, एकमेकींपासून चार हात लांब. बस आली तर ड्रायव्हर तिच्या ओळखीचा. त्यानं विचारलं, आज सुट्टी असून बसमध्येच का, आणि बरोबर कोण. धाकटी म्हणाली, माझी मोठी जाऊ. इतक्या महिन्यांत माझ्याबद्दल तिच्या तोंडून निघालेले पहिले शब्द ते. मी खिडकीतून बाहेर बघत राहिले, पण ऐकले.

शेतावर आम्हाला गाजराच्या वाफ्यातलं तण काढायला बसवलं. एक लांब ओळ, तिच्या एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला ती, काम करत मधे यायचं. टोपीवालीनं बसून दाखवलं होतं, गाजर कोणतं, तण कोणतं. मी मान डोलावली होती. माझं लक्ष धाकटीच्या हातांकडे होतं. स्टीअरिंग धरून धरून तिच्या तळव्यांना घट्टे पडलेले मला त्या दिवशी दिसले. ओळीत दोन प्रकारची रोपं होती. एक रुंद पानांचं, टवटवीत, ताठ. दुसरं केसासारखं बारीक, उगाच भुरभुरलेलं. मी मनाशी धरून चालले, की ताठ ते पीक आणि भुरभुरलेलं ते गवत. आणि एकदा धरलं म्हणजे धरलं. एक केस शिल्लक ठेवला नाही. मागे वळून बघितलं तर ओळ इतकी सुबक दिसत होती, की मला स्वतःचा अभिमान वाटला.

मधे पोचलो तेव्हा धाकटी थांबली. तिनं माझ्या बाजूच्या ओळीकडे बघितलं, मग मी काढून रचलेल्या ढिगाकडे. त्यातलं एक रोप उचललं, बोटांत चुरडलं, नाकाशी नेलं. मग न बोलता माझ्या नाकाशी धरलं. गाजराचा स्वच्छ, गोड वास आला.

मी सगळी गाजरं उपटली होती आणि तण जोपासलं होतं.

धाकटी हसायला लागली. आधी तिनं तोंडावर हात धरला, हाताची माती तोंडाला लागली, मग ती मटकन वाफ्यातच बसली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मला राग यायला हवा होता. मी तोंड मिटून धरलं, पण मलाही आवरेना. दोघी चाळिशी ओलांडलेल्या बायका चिखलात बसून पोरींसारख्या हसत होतो.

टोपीवाली येताना दिसली तशी मी तो ढीग पाठीमागे सरकवला. धाकटी उठून पुढे झाली आणि म्हणाली, चूक आम्हा दोघींची, मीच यांना चुकीचं सांगितलं. टोपीवालीनं टोपी मागे सरकवली, ओळीकडे पाहिलं, एक मोठा श्वास घेतला. म्हणाली, मग गाजरं या खेपेला सगळ्यांच्याच वाट्याला कमी येतील, वाटा म्हणजे हेच, पुन्हा पेरू. आणि बियाणं आणायला गेली. मी धाकटीकडे बघत राहिले. मला पाठीशी घालायचं तिला काही कारण नव्हतं.

पेरणी झाल्यावर आम्ही बांधावर सावलीत पाणी प्यायला बसलो. तिनं बाटली आधी मला दिली. मी प्यायले, तिला परत दिली. ती बाटली हातातच धरून म्हणाली, “तापात तिनं माझ्या हातचं पाणी घेतलं नाही, ताई.”

मी म्हटलं, “तापात पोरांना काही कळत नसतं.”

“मला कळत होतं ना.” तिनं बाटली दुसऱ्या हातात घेतली. “मी पहिल्या फेरीला निघते तेव्हा ती झोपलेली असते. दिवसभर लोकांची मुलं शाळेला सोडते, घरी आणते. मी घरी येते तेव्हा माझ्या मुलीच्या वेण्या घातलेल्या, अभ्यास झालेला, पोट भरलेलं. सगळं तुम्ही केलेलं, आणि चांगलं केलेलं. मला तुमच्यापासून तिला तोडायचं नव्हतं. माझ्यासाठी थोडी उरायला हवी होती, इतकंच.”

मटार का नाही घेतलास, हे विचारायचं ओठांवर आलं होतं. ते तिनं आपणहून सांगितलं. तो ढीग बघून तिला वाटलं होतं, की आता एवढंही माझ्या मुलीसाठी मीच आणायला नको का. तिनं दुसऱ्याच दिवशी बसवरून उतरून बाजारातून मटार घेतला होता. दुप्पट भावानं, आणि अळ्यांचा.

मी कापड कापते तेव्हा हिशेब असा मांडते की काही उरू नये. भिंगरीच्या बाबतीत मी तसंच केलं असेल. प्रेम केलं, त्याबद्दल मी कोणाची माफी मागणार नाही, पण त्या बांधावर बसून मला पहिल्यांदा वाटलं, की उरवायला हवं होतं. हे तिला सांगायला मला शब्द सापडले नाहीत. जे सापडलं ते सांगितलं.

“मला तिच्याशिवाय करमत नाही गं,” मी म्हटलं. “संध्याकाळ झाली की घर खायला उठतं.”

तिनं बाटलीचं झाकण लावलं आणि उठली. परतीच्या बसमध्ये ती माझ्या शेजारी बसली. ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपून गेली. पहाटेची उठलेली होती. मी सबंध रस्ताभर खांदा हलवला नाही.

त्यानंतरच्या वाट्याला ढीग लावायची पाळी तिची होती. क्रेट आम्ही दोघींनी मिळून आणला, नेहमीसारखा. मी आत जाऊन बसले. ढीग लावायला तिला फार वेळ लागला नाही. कठड्यावर टकटक झालं, पावलं वर गेली. मी बाहेर आले.

टेबलावर एका बाजूला क्रेटमधली सगळी भाजी रचलेली होती. पालक, बीट, घेवडा, टोमॅटो, राहिलासाहिला मटार, कुठल्यातरी दुसऱ्या ओळीतली थोडी गाजरं. एकही वस्तू वेगळी काढलेली नव्हती. आणि दुसऱ्या बाजूला, मोकळ्या टेबलावर, एकटा, भिंगरीचा दोन कप्प्यांचा डबा.

नियम नियम असतो. एक ढीग मी उचलायचा, उरलेला तिनं न्यायचा. मी डबा उचलला आणि छातीशी धरून घरात आले. दार ओढून घेतलं, ओट्यावर डबा ठेवला, त्याचं झाकण काढून पुसलं, पुन्हा लावलं, पुन्हा काढलं. बाहेर धाकटीची पावलं उतरली, भाजी क्रेटमध्ये भरल्याचा आवाज आला, आणि क्रेट एका कडीनं ओढत, प्रत्येक पायरीवर आपटत वर गेला.

आमचे हे वर्तमानपत्रातून डोकं वर काढून डब्याकडे बघत होते. त्यांचे डोळे ओले झाले होते, पण ते काही तसं कबूल करणाऱ्यातले नव्हेत. म्हणाले, “मिळाला ना डबा? आता उद्या सकाळी त्यात काय घालणार, कात्री?”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. घरात भाजीचं पान नव्हतं. वाट्याच्या दिवशी ते कधीच नसतं, कारण वाट्याच्या भरवशावर आदल्या दिवशी मी सगळं संपवते. आणि हे धाकटीइतकं कोणाला माहीत असणार.

मी डबा घेऊन जिना चढले. किती महिन्यांनी चढले. मधली एक पायरी वाजते ते विसरले होते, ती वाजली. वरचं दार उघडंच होतं. धाकटी टेबलाशी बसली होती, क्रेट समोर तसाच भरलेला, आणि भाजी चिरायचे दोन पाट, दोन सुऱ्या काढून ठेवलेल्या. भिंगरी टेबलाखाली शेंगांचा पसारा करत बसली होती. मला बघून ती उठली नाही, ओरडली नाही. आईकडे बघितलं. आईनं मान हलवली. मग ती आली आणि माझ्या कमरेला अशी चिकटली, की मला धड उभं राहता येईना. उंच झाली होती. डोकं माझ्या बरगडीपर्यंत लागत होतं.

“काय हवंय, ताई?” धाकटीनं विचारलं. आवाज अगदी साधा ठेवला होता.

“गाजरं,” मी म्हटलं. “डब्याला.”

तिनं माझ्या हातातून डबा घेतला. दोन्ही कप्पे सुटे केले आणि टेबलावर शेजारी शेजारी मांडले. खोल कप्पा, ज्यात जेवण मावतं. उथळ कप्पा, ज्यात चार फोडी मावतात. “रोज एक तुम्ही भरायचा, एक मी. माझा मी रात्रीच भरून ठेवत जाईन,” ती म्हणाली. “वाटे मी लावलेत. तुम्ही उचला.”

माझा हात सवयीनं खोल कप्प्याकडे गेला. इतकी वर्षं तो मीच भरला होता. किती भरला की पोरगी संपवते आणि किती भरला की परत आणते, ते माझ्या बोटांना पाठ होतं. धाकटी माझ्या हाताकडे बघत होती. ती काही म्हणाली नसती, मी तो उचलला असता तरी.

मी हात वळवला आणि उथळ कप्पा उचलला.

भिंगरीनं लगेच त्यात वाकून बघितलं. तो रिकामाच होता. म्हणाली, “मोठी आई, यात तू काय देणार?”

मी म्हटलं, “मटार. दुसरं काही मावतच नाही.” धाकटीनं खाली मान घालून एक गाजर उचललं आणि सोलायला लागली, आणि दुसरी सुरी मुठीकडून माझ्याकडे सरकवली.